नकाराची ओळ

वैशाखातली दुपार होती. गाळप हंगाम संपून कारखान्याची चिमणी थंड झाली होती. आवारात माणूस दिसत नव्हता. फक्त मळीचा आंबूस वास उन्हात साचून राहिला होता. महेंद्रने संगणक विभागाचे कुलूप काढले, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि पंखा लावला. काम साधे होते. हंगामापुरते जोडलेले संगणक आता काढून ठेवले होते. त्यांच्यासाठी स्विचमध्ये लिहिलेले नियम तेवढे पुसून टाकायचे, आणि घरी जेवायला जायचे.

ही गोष्ट एकोणीसशे नव्याण्णव सालची. दोन हजार साल उजाडताच जुनी यंत्रे बंद पडतील, ही भीती तेव्हा सर्वत्र होती. त्या भीतीपोटी श्रीगोंद्याच्या बाजूच्या या कारखान्याने आदल्या वर्षी नवे संगणक घेतले होते. वजनकाट्यावर एक, शेतकी खात्यात दोन, वाहन विभागात एक, ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर, म्हणजे गाडीतळावर एक, असे ते जागोजागी बसले होते. त्या सर्वांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येत, तिला स्विच म्हणत. कोणत्या यंत्राने कोणाशी बोलावे आणि कोणाशी बोलू नये, हे त्या पेटीत ओळीओळीने लिहून ठेवता येई. पेटी वरून खाली वाचत जाते. जी ओळ प्रथम लागू पडेल तिच्याप्रमाणे वागते. खाली काय लिहिले आहे ते पाहत नाही. परवानगीची ओळ असली तर निरोप पुढे जातो. नकाराची असली तर तो तेथेच नाहीसा होतो. आणि पाठवणाऱ्याला नकार कळवला जात नाही. तो वाट पाहत राहतो.

महेंद्रने कळफलकावर आज्ञा लिहिली. पडद्यावर ओळी उमटल्या.

सर्वांत वरची ओळ वाचून त्याचा हात थांबला. गाडीतळावरच्या यंत्राकडून वाहन विभागाच्या यंत्राकडे जाणारे सारे निरोप अडवावेत, अशी ती ओळ होती. ती त्यानेच लिहिली होती. पण माघ महिन्यातल्या एका संध्याकाळी, आपल्याच हाताने, त्याने ती पुसलीही होती.

प्रत्येक ओळीसमोर एक आकडा असतो. त्या ओळीने किती वेळा काम केले, ते पेटी मोजत असते. महेंद्रने त्या आकड्याकडे पाहिले. मग पुन्हा पाहिले. आकडा वाढला होता.

गाडीतळावर आता कोणी नव्हते. ऊसतोड करणारी माणसे फाल्गुनातच आपापल्या गावी गेली होती. त्यांच्या राहायच्या पाचटाच्या कोप्या मोडल्या होत्या. तिथला संगणक महेंद्रच्याच मागच्या कपाटात, पोत्यात गुंडाळून ठेवला होता.

तो बघत राहिला. आकडा वाढे, थांबे. बराच वेळ थांबे. मग पुन्हा वाढे. कोणी दार वाजवावे, कान देऊन ऐकावे, आणि कोणी येत नाही असे पाहून पुन्हा वाजवावे, तसे.

त्या ओळीचा जन्म कसा झाला, ते सांगितले पाहिजे.

गाडीतळावर कारखान्याने एक पक्की खोली बांधली होती. तिथे वृषाली नावाची परिचारिका बसे. मुलगी सोनई गावची, कामाला चोख. तळावर कोणी आजारी पडले की ती संगणकावरून वाहन विभागाला निरोप पाठवी आणि जीप येई. ही सोय महेंद्रनेच बसवली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता. त्याचे आजोबा कोंडीराम याच कारखान्याच्या पायाभरणीत दगड वाहत. पाणी मागायला गेले की पायरीखाली ओंजळ धरून उभे राहावे लागे. छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पुन्हा कोणाच्या पायरीखाली उभे राहिले नाहीत. नातू आता त्याच पायऱ्या चढून कार्यालयात येई. तरीही अधिकाऱ्यांच्या खोलीत त्याला कोणी कधी बस म्हटले नव्हते. काम सांगत, तो उभ्याने ऐके, आणि जाई.

माघात एके दिवशी वाहन विभागाचे प्रमुख काकासाहेब यांनी त्याला त्या खोलीत बोलावले.

"या महेंद्रसाहेब. बसा. आवो खुर्चीवर बसा की, उबं काय ऱ्हायला."

खोलीत आणखी चौघे होते. महेंद्र बसला. त्याच्यापुढे कपबशी आली. इतरांपुढे होती तीच, निळ्या काठाची.

"त्या तुमच्या नर्सबाईनं जीव खाल्लाय आमचा," काकासाहेब म्हणाले. "पडद्यावर सारखं, जीप पाठवा, जीप पाठवा. कुनाच्या पोटात दुखलं, पाठवा जीप. कुनाला विळा लागला, पाठवा जीप. उद्या बैलाला शिंक आली तरी जीपच लागंल."

सगळे हसले.

"दोन दिवस पाव्हनं हायेत वरनं. जीप त्यांच्या दिमतीला पायजे. तेवढं बाईचं तोंड बंद करा. तुमच्या हातात हाय म्हन्त्यात."

"करता येईल," महेंद्र म्हणाला.

"मंग. मी सांगत हुतो ना, पोरगा हुशार हाय. बैलाला पायी चालू द्या म्हनावं."

सगळे पुन्हा हसले, आणि महेंद्रही हसला. तो आजवर त्या खोलीत हसला नव्हता. चहा गोड होता. खोलीतून निघताना त्याला स्वतःची चाल बदललेली जाणवली. परत येऊन त्याने ती ओळ लिहिली आणि परवानगीच्या ओळीच्या वर ठेवली. वृषालीला कळवायला हवे होते. कळवले तर ती तक्रार करील, आणि मग खुर्ची पुन्हा मिळणार नाही, असे त्याच्या मनात आले. त्याने कळवले नाही.

पाहुणे गेले. काकासाहेबांनी ओळ काढा असे सांगितले नाही. महेंद्रने विचारले नाही. काढू का, असे विचारणे म्हणजे पुन्हा उभ्याने बोलणाऱ्यांत जाणे, असे त्याला वाटले. मनुष्य आपल्या अधःपाताला फार लहानसे कारण शोधतो, आणि ते त्याला पुरते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतळावर जामखेडकडची रंगुबाई बाळंतपणात अडली. उसाच्या फडातून तिला उचलून आणले. वृषालीने निरोप पाठवला. पडद्यावर वाळूचे घड्याळ फिरू लागले. त्या घड्याळाचा अर्थ, निरोप जातो आहे, असा तिला महेंद्रनेच शिकवला होता. तिने वाट पाहिली. पुन्हा पाठवला. घड्याळ फिरत राहिले. तिने विश्वास ठेवला. शेवटी तिने कारखान्याकडे माणूस पिटाळला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. रंगुबाईने वाटेत, बैलगाडीतच, कारखान्याच्या फाटकापाशी प्राण सोडला. मूल आधीच गेले होते. जीप विश्रामगृहासमोर चिंचेच्या सावलीत रिकामी उभी होती आणि चालक मागच्या सीटवर झोपला होता.

महेंद्रने त्या संध्याकाळी ओळ पुसली. चौकशी झाली तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारण्यात आला, त्या दिवशी नेटवर्क चालू होते का.

"चालू होतं," तो म्हणाला.

वाक्य खरे होते. शब्दन्शब्द खरा होता. त्या खऱ्या वाक्यावर वृषालीला दोषी ठरवले गेले. यंत्र चालू असताना निरोप पोचला नाही, म्हणजे तो पाठवलाच नाही, असे ठरले. ती सोनईला परत गेली.

आता, वैशाखातल्या दुपारी, ती ओळ परत आली होती.

महेंद्रने ती पुसली. पुन्हा सर्व ओळी पडद्यावर आणल्या. ती नव्हती. त्याने घाम पुसला, घोटभर पाणी घेतले आणि खात्रीसाठी आणखी एकदा पाहिले. ती सर्वांत वर होती. आकडा वाढला होता.

तो उठून पेटीजवळ गेला. पेटीच्या तोंडावर तारा खोवण्याची भोके असतात आणि प्रत्येक भोकावर एक बारीक हिरवा दिवा असतो. तिथून निरोप येत असला तर तो लुकलुकतो. गाडीतळाच्या भोकात तार नव्हती. दिवा लुकलुकत होता. तो वाकला, आणि त्याला वास आला. ओल्या पाचटाचा, चुलीच्या धुराचा, आणि त्याखाली आणखी एक, कोमट, रक्ताचा. ज्या घरात बाळंतपण झाले आहे पण ओव्याची धुरी अजून दिलेली नाही, त्या घरात असतो तसा.

त्याने पेटीची वीज काढली. आतला पंखा घरघरत थांबला. सगळे दिवे विझले. एक विझला नाही. दम खात, थांबत, तो लुकलुकत राहिला.

महेंद्र दार ओढून बाहेर आला. उन्हात उभा राहिला तरी त्याच्या अंगावरचा काटा गेला नाही. भीतीपेक्षा त्याला लाज अधिक वाटत होती. कोणीतरी अजून त्याच्या दाराशी आहे, अजून विश्वासाने वाट पाहत आहे, आणि दार त्याचे आहे, हे त्याला समजले होते.

दुसऱ्या दिवशी तो बसने सोनईला गेला.

वृषाली एका डॉक्टरच्या दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधत होती. बाकावर एक म्हातारी खोकत बसली होती. महेंद्रला पाहून वृषालीचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने खुर्ची पुढे सरकवली.

"या. एवढ्या उन्हात? पाणी घ्या आधी."

त्याने पाणी घेतले. तांब्या खाली ठेवला. रात्रभर जुळवलेले शब्द त्याने खाली मान घालून सांगितले.

"वृषालीताई, तुमचा निरोप आला होता. मी अडवला होता. काकासाहेबांच्या सांगण्यावरून ओळ मी लिहिली, आणि चौकशीत मी बोललो नाही. तुमची काही चूक नव्हती."

तो थांबला. ती त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हते. ती पुढच्या शब्दाची वाट पाहत होती.

"बोला ना," ती म्हणाली. "काय काम काढलंत?"

त्याला वाटले, आपला आवाजच फुटला नसेल. त्याने पुन्हा सांगितले, मोठ्याने. बाकावरच्या म्हातारीने मानही वर केली नाही.

"बसला गर्दी होती," तो घाबरून काहीतरी बोलायचे म्हणून बोलला.

"असणारच. आज घोडेगावचा बाजार ना," वृषाली लगेच म्हणाली.

"निरोप मी अडवला... वृषालीताई, मी..."

ती वाट पाहत होती. डोळे त्याच्या ओठांवर, मान किंचित पुढे. वाळूच्या घड्याळासमोर ती अशीच बसली असेल, असे त्याला वाटले.

"तुम्हाला बरं नाही का?" तिने हळूच विचारले. "आल्यापासून गप्प गप्प आहात." मग तीच पुडीची दोरी आवळत बोलू लागली. "मला कळतंय तुम्ही का आलात. त्या बाईचं तुमच्याही मनातून जात नसेल. माझ्याही जात नाही. माणूस आधी पाठवायला हवा होता मी. घड्याळाकडं बघत बसले. चूक माझीच... तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

महेंद्र ओरडला. नाही, असे ओरडला. तिने दुसरी पुडी घेतली आणि नीट घडी घातली.

परत येऊन तो काकासाहेबांकडे गेला. त्याचे बोलणे संपेपर्यंत काकासाहेब चहा ढवळीत त्याच्याकडे पाहत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "बोला की साहेब, नुसतं काय बगता? पगारवाढीचं आसंल तर आत्ता न्हाई जमायचं." महेंद्रने कागदावर लिहून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "कोरा हाय," ते म्हणाले, आणि त्याच कागदाने वारा घेऊ लागले. त्याचे बाकी सर्व बोलणे सर्वांना ऐकू येत होते. पाणी मागितले की पाणी मिळे, नमस्कार केला की नमस्कार मिळे. एवढे एकच पुढे जात नव्हते, आणि जात नाही हेही त्याला कोणी कळवत नव्हते.

दिवस मावळता तो घरी पोचला.

त्याच्या आईने, चांगुणाबाईंनी, अंगण झाडून पाणी शिंपडले होते. आत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्या बसल्या होत्या. कितीही काम असले तरी ही वेळ त्यांनी कधी चुकवली नव्हती. महेंद्र त्यांच्याशेजारी हात जोडून बसला. दोघांनी त्रिशरण म्हटले. मग पंचशील. चौथ्या शीलापाशी, असत्य न बोलण्याच्या शीलापाशी, तो दर संध्याकाळी नुसते ओठ हलवी. माघापासून तसेच चालले होते. आईच्या ध्यानात ते आले असावे; तिने कधी विचारले नव्हते.

आज त्याने ओठही हलवले नाहीत. तो आईकडे वळला आणि सर्व सांगितले. खुर्ची सांगितली, निळ्या काठाची कपबशी सांगितली. बैलाच्या विनोदावर आपण हसलो, ते सांगितले. चिंचेखालची जीप सांगितली. आजोबांचे नाव घेतानाही तो थांबला नाही. काही राखून ठेवले नाही. बोलणे संपले तेव्हा मेणबत्ती बरीच खाली आली होती आणि दारातला उजेड राखेसारखा झाला होता.

"आई," तो म्हणाला. "ऐकलंस का..."

"काय ऐकू?" चांगुणाबाई म्हणाल्या. "तू बोललास कुटं? कवाधरनं नुसता बसलायस माज्याकडं बगत." त्यांची नजर त्याच्यावर नव्हती. त्याच्या खांद्यावरून त्या दाराकडे पाहत होत्या. "पर ती कशापायी मान हलवतीया?"

"कोण?"

"ती बाई. उंबऱ्याभाईर उबी हाय. तुज्याकडं बगून सारखी मान हलवतीया... जनू तू तिला कायतरी सांगतुयास, अन् तिला समदं ऐकू येतंय."

महेंद्रने मागे पाहिले नाही. त्याला पाहता येईना. ओल्या पाचटाचा वास खोलीत आला होता, आणि मेणबत्तीची ज्योत वारा नसताना आडवी झाली.

"आत बोलाव की रं तिला," आई म्हणाली. "दमलेली दिसतीया. आपल्या दारात कुनाला उबं ठिवू ने. तुज्या आजाला लई उबं ठिवलंय लोकांनी."

त्याने तोंड उघडले. या, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो त्याच्याने निघाला नाही.

चांगुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्याच्या पाठीमागून, उंबऱ्यापाशी, त्यांचा आवाज आला. शेजारणीशी बोलावे तितका साधा होता तो.

"ये गं, ये. आन हिकडं. दे माज्यापाशी... तू बस जरा."

तेव्हा तो वळला. दारात कोणी नव्हते. बाहेर बोळ रिकामा होता आणि शिंपडलेल्या अंगणात एकही पाऊल उमटलेले नव्हते. आई परत येत होती. तिचे दोन्ही हात छातीशी दुमडलेले होते, त्यावर पदर घेतला होता, आणि त्या पदरात तोंड घालून ती हलकेच काही पुटपुटत होती.

"महेंद्रा," ती म्हणाली, "चूल पेटव. लेकरू लई गार पडलंय."

तो तिच्या हातांकडे पाहत होता. सकाळी धुऊन उन्हात वाळवलेला तिचा पदर कोपरापाशी ओला होत होता, आणि ती ओल हळूहळू पसरत चालली होती.